नवीन ऑफिसचं केबलिंग करताय? फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आधी हे बघून घ्या

ऑफिसचं इंटेरियर सुरू झालं की सगळ्यांचं लक्ष टाइल्स, काचेच्या केबिन आणि रिसेप्शनवरच्या लोगोकडे, आणि नेटवर्कचं काम शेवटी इलेक्ट्रिकवाल्याच्या गळ्यात पडतं, की "दादा आलाच आहात तर डेटाच्या वायरी पण टाकून घ्या". नंतरच्या निम्म्या कटकटी इथूनच सुरू होतात. वायरमनचा दोष नाही हो, त्याच्या हिशोबात या टोकाचा करंट त्या टोकाला पोचला की काम झालं, लॅन केबलला तेवढं पुरत नाही.

आधी रॅकची, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या कपाटाची, जागा ठरवा. रॅकमधल्या स्विचपासून (सगळ्या केबल ज्यात लागतात तो डबा) कॉम्प्युटरपर्यंत सगळं मिळून 100 मीटरची मर्यादा आहे, त्यात भिंतीतली पक्की केबल 90 मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या छोट्या वायरी) मिळून 10. आता प्लॅनवर पट्टी लावून 75 मीटर दिसलं म्हणून खूश होऊ नका, कारण केबल रॅकमधून वर चढते, बीम चुकवते, ट्रेमधून वळसा घेते आणि परत खाली टेबलापर्यंत उतरते, तोवर नव्वदी कधी पार झाली कळत पण नाही. मजला मोठा असेल तर दोन रॅक करा आणि मध्ये फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका. आणि प्लीज, रॅक पॅन्ट्रीच्या सिंकमागे किंवा टॉयलेटच्या भिंतीला नको, जागा उरली म्हणून तिथे ठेवणारे लोक आहेत.

केबल घेताना सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे सीसीए, आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. बॉक्सवर कॅट सिक्स (केबलचा दर्जा) छापलेलं असतं, रेट बघून परचेसवाले खूश. ओळखायचं कसं, तर बॉक्समधून वीतभर तुकडा कापा, एक वायर सोला आणि ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर बॉक्स परत पाठवा. तांबं आतपर्यंत तांबडंच असतं. सीसीएवर पीओईचे (लॅन केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे, अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) लावले की केबल जास्त तापते, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरे रात्री इन्फ्रारेड चालू झाला की रीस्टार्ट होत बसतात, मग लोक कॅमेऱ्याच्या कंपनीला शिव्या घालतात. कॅट सिक्स की सिक्स ए? गिगाबिटला (सेकंदाला 1000 मेगाबिट स्पीडला) कॅट सिक्स पुरे, पण 10 गिगाबिट त्यावर 55 मीटरच्या आसपासच धरा, पूर्ण 100 मीटर हवं तर सिक्स ए.

केबल ओढताना तिथे स्वतः उभे राहा किंवा कुणाला तरी उभं करा. पॉवर आणि डेटा एकाच पाइपात जाऊ देऊ नका, पाइप आधीच मारलेला आहे वगैरे ऐकायचं नाही. ट्रे वेगळा घ्या, आणि क्रॉस करावंच लागलं तर काटकोनात. केबल सीलिंगच्या टाइल्सवर लोळत किंवा स्प्रिंकलरच्या पाइपला बांधून नको. झिप टाय करकचून आवळला की आतल्या पीळ दिलेल्या वायरींच्या जोड्या चेपतात, म्हणून वेल्क्रो वापरा. वळण गोलसर ठेवा, केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा आवळ नको. पावसाळी गावात, मुंबई-कोकणात तर नक्कीच, गच्चीवर जाणारी केबल आउटडोअरच घ्या, साधी घरातली केबल उन्हाने तडकते आणि पाणी आतून खाली रॅकपर्यंत उतरतं. दोन बिल्डिंगमध्ये तांब्याची केबल नकोच, वीज कुठेतरी जवळ पडली की स्विचचे पोर्ट जातात, तिथे फायबर.

टर्मिनेशनला, म्हणजे टोकाला कनेक्टर बसवताना, जोडीचा पीळ 13 मिलीमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, आणि दोन्हीकडे एकच कलर कोड, आपल्याकडे बहुतेक जण 568 बी करतात. इथली एक गंमत सांगतो. काही मुलं रंगाच्या जोड्या शेजारी-शेजारी लावून मोकळी होतात, हिरवा-पांढराहिरवा एकत्र वगैरे, पण हिरव्याची जोडी 3 आणि 6 नंबरच्या पिनवर जाते, मध्ये निळ्याची बसते. दोन्ही टोकांना सारखीच चूक असली की तो एलईडीवाला स्वस्त टेस्टर आठही लाइट मस्त लावतो, वायर जोडलेली आहे ना! आणि नेट मात्र रडत चालतं, एरर, डिस्कनेक्ट, स्पीडची बोंब. तसंच निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर लिंक लागते पण 100 एमबीपीएसवर, कारण 100 ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. "नेट स्लो आहे" अशी तक्रार आली की आधी लिंक स्पीड बघा, मग प्रोव्हायडरला फोन करा.

म्हणून प्रत्येक पॉइंटचा सर्टिफिकेशन टेस्ट रिपोर्ट मागा, फ्लुकसारख्या कंपनीच्या टेस्टिंग मशीनचा, आणि हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा, शेवटचं पेमेंट रिपोर्टवर. लेबल दोन्ही टोकांना, छापलेलं. मार्करने लिहिलेलं वर्षभरात पुसतं आणि मग एक जण रॅकपाशी, एक जण टेबलापाशी, "आता लागला का?" करत बसतात. केबलवर मीटरचे आकडे छापलेले असतात, दोन्हीकडचे लिहून ठेवा, वजाबाकी केली की लांबी मिळते आणि बिलातले जास्तीचे मीटर पण सापडतात.

फक्त टेस्टिंग फर्निचर आणि पार्टिशन पूर्ण बसल्यावर करून घ्या. त्याआधीचा रिपोर्ट धरू नका, कारण सुताराचा स्क्रू केबलमधून आरपार गेलेला असतो आणि तोवर केबलिंगवाला हिशोब करून गेलेला असतो.