ब्रिटनच्या शहरात गाडी चालवताना

ब्रिटनमध्ये गाडी डावीकडूनच चालते आणि स्टिअरिंग उजवीकडेच असतं, त्यामुळे भारतातून आलेल्या चालकाला पहिल्या दिवशी सगळं ओळखीचं वाटतं. अडचण पुढे येते. इथे चुकलात तर मागचा हॉर्न वाजवत नाही आणि चौकात शिट्टीही होत नाही. खांबावरचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, आणि तुम्ही तो रस्ता विसरून गेल्यावर दंडाचं पाकीट दारात येऊन पडतं. म्हणजे नियम रस्त्यावर शिकायला मिळतीलच असं नाही. ते आधीच ठाऊक असलेले बरे.

कागदपत्रं थोडक्यात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. पुढे प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), थिअरी आणि प्रत्यक्ष परीक्षा. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिलीत तर मॅन्युअल चालवायची परवानगी मिळत नाही. गिअरची सवय असेल तर ती मोडू देऊ नका, परीक्षा मॅन्युअलवरच द्या.

वेग मैलांत मोजायचा. रस्त्यावर दिव्यांचे खांब आहेत आणि वेगाची पाटी नाही, तर मर्यादा ताशी ३० मैल समजा. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून अशा रस्त्यांवर ती २० आहे, आणि लंडनच्या पुष्कळ भागांतही पाट्यांवर २०च दिसेल. फरक वाटतो त्याहून मोठा आहे: हायवे कोड म्हणजे रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक, त्यातल्या तक्त्याप्रमाणे ३० मैलांवर गाडी पूर्ण थांबायला २३ मीटर लागतात, २० मैलांवर १२. सिग्नलचा क्रमही लक्षात घ्या. लाल आणि हिरव्याच्या मध्ये लाल-पिवळा एकत्र लागतो. त्याचा अर्थ अजूनही ‘थांबा’ असाच आहे, गिअर टाकून तयार राहायला तेवढा वेळ मिळतो इतकंच. लाल असताना डावीकडे वळायची मोकळीक कुठेही नाही.

राउंडअबाउट

इथल्या शहरांत सिग्नलपेक्षा राउंडअबाउटची, म्हणजे वळसा घालून जायच्या गोल चौकाची, धास्ती जास्त घेतली जाते, आणि ती अनाठायी आहे. मूळ नियम एकच: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. १९६६ पासून तो ब्रिटनभर लागू आहे. आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, बाहेरून नाक घालून जागा करून घेता येत नाही. पण उजवीकडे कोणी नसताना थांबून राहणंही चूकच. मागच्याने तुम्ही निघणार असं धरलेलं असतं आणि तो येऊन धडकतो. दुसऱ्या गिअरमध्ये हळू या, नजर उजवीकडे ठेवा, मोकळं दिसलं की न थांबता आत शिरा. शिरण्यापूर्वी पुढची गाडी खरंच निघाली का, हे मात्र पाहा. उजवीकडे बघता बघता पुढच्यालाच ठोकणं हा इथला नेहमीचा अपघात आहे.

इंडिकेटर असे द्या. डावीकडच्या पहिल्या फाट्याने बाहेर पडायचं असेल तर डावी लेन आणि सुरुवातीपासून डावा इंडिकेटर. सरळ जायचं असेल तर येताना काहीच नको, शक्यतो डावी लेन. आपल्या फाट्याच्या आधीचा फाटा मागे पडला की डावा इंडिकेटर लावून बाहेर. उजवीकडे जायचं किंवा वळून परत यायचं असेल तर उजवी लेन आणि उजवा इंडिकेटर, आणि आधीचा फाटा ओलांडताच तो बदलून डावा. सरळ जाताना उजवा इंडिकेटर लावायची सवय असेल तर ती सोडा. डावीकडच्या तोंडाशी थांबलेला चालक तुम्ही अजून फिरणार असं समजतो आणि खोळंबून राहतो. रस्त्यावर रंगवलेले बाण यापेक्षा वेगळं सांगत असतील तर बाणांचं ऐका. गर्दीत हे बाण पुढच्या गाड्यांखाली झाकले जातात, म्हणून राउंडअबाउटच्या आधी कडेला लागणारी पाटी वाचून लेन तेव्हाच धरा. चुकीच्या लेनमध्ये अडकलात तर जिथे ती नेईल तिथे जा. फाटा हुकला तर आणखी एक फेरी मारा, कोणी काही म्हणत नाही.

मिनी राउंडअबाउट म्हणजे चौकात रंगवलेला पांढरा गोल. त्यावरून सरळ गाडी नेता येते असं दिसतं, पण नियमाने त्याला वळसाच घालायचा. सूट फक्त वळूच न शकणाऱ्या मोठ्या वाहनांना. तीन बाजूंनी तीन गाड्या एकदम आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतं आणि सगळेच थांबतात. मग एकजण हात करतो आणि गाडं सुटतं. इंग्लंडमधल्या स्विंडन शहराच्या मॅजिक राउंडअबाउटवर असे पाच छोटे गोल एका मोठ्या गोलाभोवती मांडलेत आणि आतला गोल उलट्या दिशेने फिरतो. तिथेही नियम तोच: प्रत्येक छोट्या गोलापाशी उजवीकडच्याला वाट.

अरुंद गल्ल्या आणि मारलेले लाइट

खरी कसोटी वस्तीतल्या गल्ल्यांत लागते. दोन्ही कडांना गाड्या उभ्या, मध्ये एकाच गाडीची वाट आणि समोरून कोणीतरी येतंय. अडथळा तुमच्या बाजूला असेल तर तुम्ही थांबायचं. दोन्हीकडे असेल तर ज्याच्याजवळ मोकळी जागा आहे तो आत सरकतो. ही जागा आधीच हेरून ठेवा, गल्लीत शिरतानाच नजर दूर टाका. आत सरकताना गाडीचं बूड रस्त्यात राहू देऊ नका. मोकळी जागा उजव्या बाजूला असेल तर तिच्यासमोर डावीकडेच थांबा आणि समोरच्याला तिच्यात वळू द्या. चढावर येणाऱ्याला वाट देणं रीतीला धरून आहे. उभ्या गाड्यांपासून एक दार उघडेल इतकं अंतर ठेवा, आणि तेवढं मिळत नसेल तर चालण्याच्या वेगाने जा.

वाट मिळाली की स्टिअरिंगवरून हाताचा पंजा उचलून आभार मानतात. एवढं केलं नाही तर माणूस उद्धट ठरतो.

समोरच्याने लाइट मारले तर भारतात ‘मी येतोय, थांब’ असं समजतात. इथे बहुतेक वेळा ‘तुम्ही या’ असा अर्थ असतो. हायवे कोडप्रमाणे मात्र त्याचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ इतकाच, त्यामुळे लाइट दिसले म्हणून आंधळेपणाने निघू नका. उजवीकडे वळताना हा धोका सर्वात जास्त असतो: थांबलेल्या गाडीने तुम्हाला वाट दिली, पण तिच्या कडेने एखादी मोटरसायकल किंवा सायकल सुसाट येत असते आणि ती त्या चालकाला दिसलेलीच नसते. त्या गाडीच्या नाकाशी येऊन क्षणभर थबका, पलीकडे डोकावा, मग वळा. चूक ठरली तर ‘त्याने लाइट मारले होते’ हे कोणी ऐकून घेत नाही.

हॉर्न फक्त धोक्याची सूचना द्यायला. गाडी उभी असताना तो वाजवणं नियमाविरुद्ध आहे, दुसऱ्या वाहनामुळे धोका असेल तेवढा अपवाद. वस्तीत रात्री ११:३० ते सकाळी ७ बंदी आहे.

पिवळी जाळी आणि लाल रेषा

चौकात रस्त्यावर रंगवलेल्या पिवळ्या जाळीवर गाडी थांबवायची नसते, आणि तेच नवख्यांच्या दंडाचं हमखास ठिकाण. सिग्नल हिरवा आहे, पुढची गाडी चालू आहे, म्हणून आपणही निघतो. ती पलीकडे थांबते आणि आपली मागची चाकं जाळीवर राहतात. म्हणून पुढच्या गाडीच्या मागे न निघता पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा डोळ्यांनी दिसेपर्यंत रेषेवर थांबा. मागचा चुळबुळ करेल, करू दे. उजवीकडे वळायचं असेल तर अपवाद आहे: समोरून येणाऱ्या किंवा उजवीकडेच वळायला थांबलेल्या गाड्यांमुळे अडलात तर जाळीत थांबता येतं, पण ज्या रस्त्यात वळणार तो मोकळा हवा. लंडनच्या मुख्य रस्त्यांवर हा दंड १६० पौंड, १४ दिवसांत भरल्यास ८०.

बस लेनच्या निळ्या पाटीवरची वेळ वाचा. त्या वेळेबाहेर ती लेन सर्वांची असते, तरीही लोक घाबरून तिकडे जात नाहीत आणि शेजारी रांग लावतात. वेळ लिहिलेलीच नसेल तर ती चोवीस तास बंद. मागून ॲम्ब्युलन्स आली तरी वाट द्यायला लाल सिग्नल ओलांडू नका किंवा बस लेनमध्ये शिरू नका. दंड तुमच्याच नावावर येतो.

कडेच्या पिवळ्या रेषा पार्किंगविषयी सांगतात. दुहेरी म्हणजे कधीच नाही, एकेरी म्हणजे जवळच्या पाटीवरच्या वेळेत नाही. माल चढवा-उतरवायला मात्र सहसा थांबता येतं, फुटपाथच्या कडेवर आडव्या पिवळ्या खुणा असल्या तर तेही बंधनात. लंडनच्या लाल रेषा त्याहून कडक: माणूस उतरवायलाही थांबायचं नाही. लंडनमध्ये फुटपाथवर चाक चढवून गाडी लावायलाही बंदी आहे. रात्री रस्त्यावर गाडी लावताना तिचं तोंड वाहतुकीच्या दिशेनेच हवं, आखलेली जागा असेल तर गोष्ट वेगळी.

२९ जानेवारी २०२२ पासून वळताना त्या रस्त्याच्या तोंडाशी ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्यालाही वाट द्यायची असते, नुसत्या रस्त्यात उतरलेल्यालाच नाही. सायकलला मागे टाकताना ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर ठेवा. डावीकडे वळण्यापूर्वी डावा आरसा पाहाच, सायकली तिथूनच पुढे सरकतात.

न दिसणारे टोल

नाके नसतात, फक्त कॅमेरे. मध्य लंडनचा कंजेशन चार्ज (गर्दीच्या भागात गाडी नेण्याचं शुल्क) २ जानेवारी २०२६ पासून १८ पौंड आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवार दुपारी १२ ते ६. युलेझचे, म्हणजे प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचे, १२.५० पौंड वेगळे, तेही ख्रिसमस सोडून रोज चोवीस तास आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोमध्ये (पालिका विभागांत). ते फक्त जुन्या गाड्यांना पडतात. साधारणपणे २००६ नंतरची पेट्रोल आणि सप्टेंबर २०१५ नंतरची डिझेल गाडी सुटते, तरी टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक संस्थेच्या) साइटवर नंबर टाकून खात्री करा. ग्लासगोच्या अशाच प्रदूषण-झोनमध्ये तर पैसे भरून जायची सोयच नाही, निकषांत न बसणारी गाडी आत नेली की थेट दंड. लंडनच्या पूर्वेला थेम्स ओलांडायच्या डार्टफर्ड क्रॉसिंगचे पैसे दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत भरायचे. हे सगळं फक्त सरकारी साइटवरच भरा. शोधताना आधी दिसणाऱ्या दलाल साइट त्यावर स्वतःचे जादा पैसे लावतात.

पाकीट आलंच, तर आधी कोणी पाठवलंय ते पाहा. काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) किंवा टीएफएलच्या नोटिशीत, म्हणजे पीसीएनमध्ये, फोटो असतात, हरकत फुकट घेता येते आणि लायसन्सवर पॉइंट (गुन्ह्याचे गुण) लागत नाहीत. सुपरमार्केटच्या पार्किंगमधून खाजगी कंपनीची नोटीसही पीसीएनच म्हणवते, पण ती दिवाणी मागणी असते. तिची अपील वेगळीकडे जाते. वेगाची नोटीस पोलिसांकडून येते आणि ती गुन्ह्यानंतर १४ दिवसांत नोंदणीकृत मालकाकडे पोहोचावी लागते. चालक कोण होता हे मालकाने २८ दिवसांत कळवायचं असतं. ते न कळवल्यास सहा पॉइंट, म्हणजे वेगाच्या साध्या गुन्ह्याच्या तीन पॉइंटच्या दुप्पट. भाड्याच्या गाडीत कंपनी तुमचं नाव पुढे कळवते आणि त्याचं वेगळं शुल्क कार्डावरून कापते. त्यामुळे गाडी परत करताना कोणत्या दिवशी कोणत्या झोनमध्ये गेलात याची नोंद स्वतःजवळ ठेवा.