शेपटी शेवटी बंद करा: एसडी यांत्रिक डायनासोरचं किट

एसडी, म्हणजे सुपर डिफॉर्म्ड किटात डोकं धडाच्या तोडीचं, पाय आखूड आणि शेपटी बहुधा पोकळ. कोतोबुकिया कंपनीच्या डी-स्टाइल झोइड्स या यांत्रिक प्राण्यांसारखी किटं गोंदाशिवाय दाबून बसतात, त्यामुळे जोडणी अवघड नाही. अवघड आहे ते दोन पायांच्या डायनासोरला उभं करणं. मोठ्या डोक्यामुळे तो तोंडावर पडतो. म्हणून शेपटीत वजन भरावं लागतं, आणि तोवर तिचे दोन अर्धे पक्के दाबू नका.

कोल्हापुरात हत्यारांसाठी मुंबई-पुण्याला फोन लावायची गरज नाही. बारीक कानस आणि चिमटा गुजरीच्या आसपास सोनारकामाच्या सामानात बघा, 600, 800 आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर उद्यमनगरात. कटर मात्र सपाट पात्याचा, प्लास्टिकसाठीचाच घ्या. तारेच्या पकडीने कापलं की देठापाशी, म्हणजे भाग चौकटीला जोडलेला असतो तिथे, प्लास्टिक पांढरं पडतं, आणि गडद रंगाच्या भागावर तो डाग चांगलाच उठून दिसतो.

सगळे भाग एकदम सुटे करू नका. नंबर रनरवर, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीवर असतात, भागावर नाहीत. पहिला काप भागापासून 2-3 मिमी लांब, दुसरा जवळ, उरलेलं पात्याने पातळ पातळ तासा आणि मग पेपर मारा. एसडीत भाग मोठे आणि गुळगुळीत, नक्षी कमी. त्यामुळे इथला आळस लपत नाही.

पॉलीकॅप, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या टोप्या, कुठल्या बाजूने बसतात ते चित्रात दोनदा बघा. पॉलीकॅप उलटा बसवून दाबलात तर उघडताना खुंटी तुटते. ज्या जोडाची खात्री नाही, तिथली खुंटी टोकाला तिरकी कापा, म्हणजे नंतर उघडता येईल. मान लोंबत असेल तर तिच्या सांध्याच्या गोळ्यावर सुपरग्लूचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मगच खोबणीत बसवा. ओला बसवलात तर मान कायमची जाम.

आता वजन. डोकं बसवा, शेपटीला बाहेरून टेपने मासेमारीच्या गळाचं शिसं लावा. 5 ग्रॅमपासून सुरुवात करून तोल सापडेपर्यंत वाढवा. टोकाकडे कमी शिसं पुरतं, पण शेपटीला सांधे असतील तर त्या वजनाने ती खाली झुकते. मग बुडाशी थोडं जास्त घाला. तेच शिसं आत एम-सीलने बसवा, रात्रभर ठेवा आणि मग शेपटी दाबा. शिसं हाताळल्यावर हात धुवा. तोल आला नाही तर घोट्यांचा कोन बदलून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेही काम भागतं.

भागांवरच्या कोरलेल्या रेघांत एनॅमल शाई भरायची असेल तर सांध्यांच्या एबीएस (एक कडक प्लास्टिक) भागांपासून लांब राहा. पातळ थिनर ताणाखालच्या खुंटीत मुरतो आणि ती चिरते. शेवटचा मॅट क्लिअर स्प्रे 20-25 सेंमीवरून, हलके दोन-तीन हात. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या दमट हवेत तो दुधट होतो, तेव्हा उघडिपीची कोरडी दुपार गाठा. डोळ्यांचे पारदर्शक भाग स्प्रेनंतर बसवा, आणि तिथे सुपरग्लू नको. त्याच्या वाफेने काच धुरकट होते.