रेनिंगमध्ये उतरायचंय? आधी कागदपत्रं बघा

अमेरिकेत रेनिंग, म्हणजे ठरलेल्या क्रमाने गोल धावणं, गिरक्या, सरकत थांबणं अशा हालचाली घोड्याकडून करून घ्यायची स्पर्धा, करायची तर संघटना म्हणजे एनआरएचए (नॅशनल रेनिंग हॉर्स असोसिएशन), १९६६ ला सुरू झालेली, ऑफिस ओक्लाहोमा सिटीत. पहिली चूक सगळे हीच करतात, स्वतःची मेंबरशिप काढतात नि मोकळे होतात. अरे, घोड्याचा मालक दुसरा असेल तर त्याचीही मेंबरशिप लागते, आणि घोड्याचं कॉम्पिटिशन लायसन्स (स्पर्धेचा परवाना) वेगळंच! जात कुठलीही चालते, पण रिंगणात दिसतात ते बहुतेक क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीचेच.

नॉन प्रो क्लासला, म्हणजे हौशी स्वारांच्या गटात, जाणार असाल तर घोडा तुमचा किंवा घरच्यांचाच हवा, मित्राचा उसना नाही चालत, आणि पैसे घेऊन कुणाचा घोडा ट्रेन करून दिला असेल तर विषय संपला.

बक्षिसाचं गणित असं की एन्ट्री फीमधून आयोजक आपला वाटा कापतात, उरलेल्यात अॅडेड मनी (वरून घातलेली जादा रक्कम) मिसळतात आणि मग नंबराप्रमाणे वाटतात, म्हणून फॉर्म भरताना नुसता मोठा आकडा बघू नका, एन्ट्री किती येतात तेही विचारा. रनचे, म्हणजे रिंगणातल्या एका सादरीकरणाचे, पॉइंट ७० पासून मोजतात, प्रत्येक मॅन्युव्हरला (ठरलेल्या हालचालीला) अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने जास्तीत जास्त दीड वर किंवा खाली, पेनल्टी निराळी. एक स्पिन (जागेवरची गिरकी) ठरल्यापेक्षा पाव फेरीहून जास्त पुढे गेला की अख्खा रन शून्य, फी गेली.

एनआरएचएच्या बोर्डावर डायरेक्टर मेंबरच निवडून देतात, तेव्हा नियमांवर कुरकुर करायची तर आधी मत टाका ना.