जुन्या धाटणीचं सागवानी टेबल करताय? या चुका टाळा

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे चांगल्या लाकडाची वानवा नाही. आलापल्ली-बल्लारपूरचा साग पार दूरदूर जातो. म्हणून हौशी माणूस सगळा जीव लाकडाच्या निवडीत घालतो आणि हवेला विसरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, जुलैत भिंतीला ओल. या दोन टोकांत टेबलाचा वरचा फळा दरवर्षी आक्रसतो आणि फुगतो. लांबीत जवळजवळ नाहीच, पण रुंदीत अडीच फुटांचा फळा अर्धा सेंटिमीटर सहज हलतो.

माझं पहिलं टेबल मी ऑगस्टात केलं. वाड्यात असायचं तसं लिहायचं टेबल, खाली निमुळते पाय. फळा त्याच्याखालच्या, पाय जोडणाऱ्या चारही पट्ट्यांवर फेविकॉलनं चिकटवला, खालून स्क्रू आवळले. एप्रिलच्या एका दुपारी खोलीत फाटकन आवाज आला. पाहतो तर फळ्याला हातभर चीर, टाचणी आत जाईल एवढी. मी लगेच भुसा आणि फेविकॉल कालवून ती बुजवली, आणि हीच दुसरी चूक. पावसाळ्यात फळा फुगला, चीर मिटायला जागा नव्हती, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या शेजारी दुसरी उभी राहिली.

जुन्या टेबलाखाली एकदा वाकून बघा. फळा बहुतेक वेळा लाकडी बटणांनी धरलेला असतो. अंगठ्याएवढा तुकडा, त्याची जीभ पट्टीच्या आतल्या खाचेत, आणि स्क्रू फक्त फळ्यात. फळा सरकतो, पण उचलला जात नाही. लांब बाजूची बटणं बसवताना ऋतू बघा. उन्हाळ्यात बसवत असाल तर बटण आणि पट्टी यांत तीनेक मिलिमीटर फट सोडा, कारण फळा बाहेर येणार. पावसाळ्यात असाल तर बटण पट्टीला टेकवा, पण जीभ खाचेत खोल जाऊ द्या; फळा आत सरकला तरी ती सुटता कामा नये. माझा चिरलेला फळा शेवटी मी सोडवला, चिरेवर उभा कापला, दोन्ही कडा रंध्यानं सरळ करून पुन्हा जोडला आणि बटणांवर बसवला. तो आजपर्यंत शाबूत आहे.

लाकूड वाळलंय की नाही, हे हात लावून ओळखू नका. एक तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की कामाला घ्या. आणि तयार टेबल कूलरसमोर कधीच ठेवू नका. एका बाजूला ओली हवा, दुसरीला कोरडी झळ. फळ्याला बाक येणारच.

सागात तेल असतं, म्हणून महिनाभर आधी रंधलेल्या कडेवर फेविकॉल नीट धरत नाही. रंधा मारा आणि त्याच दिवशी जोडा. पायाच्या सांध्यात खिळा ठोकायचा मोह आवरा. कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाचा पायाच्या खोबणीत जाणारा भाग, पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं ठेवा, खोबणीत हाताच्या दाबानं जाईल इतकं. हातोडी लागली तर कुसू जाड आहे, पटाशीनं तासा. नाहीतर पाय उभा फाटतो.

निमुळता पाय चारही बाजूंनी तासला की टेबल बाहुलीच्या घरातलं वाटतं. फक्त आतल्या दोन बाजू तासा, तीही पट्टीच्या खालून सुरुवात करून. बाहेरच्या दोन सरळच हव्यात, जुन्या टेबलाचा डौल तिथेच आहे.

लाखेचं स्पिरिट पॉलिश पावसाळी हवेत लावलं तर पांढुरकं पडतं. खरवडू नका. कोरड्या दिवसाची वाट बघा, फडक्याला जेमतेम स्पिरिट लावून हलक्या हातानं फिरवा, बहुतेक वेळा तो पांढुरकेपणा जातो. फळ्याच्या खालच्या अंगालाही तेवढेच हात द्या. खालचं अंग कोरं राहिलं तर ओल तिथूनच शिरते.