फायबरच्या बोटीला पुन्हा चकाकी

मालवण-तारकर्लीकडच्या पर्यटक बोटी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. हंगाम सुरू होण्याआधी उघाडीचे दोन दिवस मिळाले की बोट धुऊन वॅक्स लावायचं काम उरकावं, तेही सावलीत. तापलेल्या फायबरवर वॅक्स लगेच सुकतो आणि निघता निघत नाही.

आधी भरपूर गोडं पाणी मारून मीठ-वाळू घालवा. नाहीतर तीच वाळू स्पंजाखाली ओरखडे पाडते. मग बोटीचा शॅम्पू आणि मऊ ब्रश. कपड्यांची पावडर नको, जुना वॅक्स उतरतो. रेलिंगखालच्या गंजाच्या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण लावा, हातमोजे घालूनच, आणि लगेच धुवा.

बोट पूर्ण वाळली की काळं फडकं घासून बघा. फडक्यावर खडूसारखी पांढरी पूड आली तर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, उन्हानं मेलाय. त्यावर थेट वॅक्स लावणं म्हणजे पैसे पाण्यात! आधी रबिंग कंपाउंड (बारीक घासणारी पेस्ट), पॉलिशर कमी वेगावर आणि सतत फिरता ठेवून. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. कडांवर मशीन थांबलं की आतलं फायबर दिसायला लागतं. कडा हातानंच घासा.

वॅक्स एका वेळी दोन बाय दोन फुटांवर, पातळ. धुरकट झाला की मायक्रोफायबरनं पुसा. बहुतेक जण थापतात जास्त, पुसतात कमी. डेकवर पाय पडतात तिथे अजिबात नको, माणूस घसरेल. पाण्याखालच्या रंगावरही नको. कोकणातल्या उन्हात तीन-चार महिन्यांनी पुन्हा एक हात द्यावा लागतो.