स्टीलची सायकल घेतलीत? मग या चुका टाळा

“भाऊ, स्टीलची म्हणून घेतली, तरी हाडं खिळखिळी होऊन राहिली!” असं कोणी म्हणालं की मी फ्रेमकडे बघतच नाही, अंगठ्याने टायर दाबतो. दगड! कडेला छापलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याइतकी हवा ठोसलेली. अरे बाप्पा, तो आकडा याच्यावर जाऊ नका म्हणून असतो. फ्रेम वरखाली जेमतेम दबते, टायर तिच्या कितीतरी पट. आपल्या सिमेंट रोडच्या सांध्यांवरचे दणके त्यानेच गिळायचे. माझं वजन 72 किलो. 28 मिमीच्या टायरमध्ये पुढे 65, मागे 75 पीएसआय ठेवतो. 32 मिमी बसत असेल तर सरळ तो घाला.

‘क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) लवचिक, साधं स्टील कडक’ हे स्टिकर वाचून आलेलं ज्ञान. ताठरपणा दोघांचा सारखाच, सुमारे 200 गिगापास्कल. क्रोमोलीची ताकद जास्त, म्हणून नळी पातळ करता येते, टोकांना 0.9 मिमी तर मधे 0.6. वजन घटतं आणि जी काही स्प्रिंग जाणवते, ती या पातळपणाची.

आता माझी फजिती. रामटेकहून भर पावसात आलो आणि सायकल तशीच भिंतीला टेकवली. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, तीन वर्षांत हलवला नव्हता. पुढे उंची बदलायला गेलो, तर जाम! स्टीलच्या नळीत अॅल्युमिनियमचा पोस्ट आणि सोबत पाणी. अॅल्युमिनियम गंजतं, पांढरी पूड फुगते, पोस्ट आवळला जातो. घाईघाईत एका मेकॅनिककडून दिव्याने तापवून घेतलं. मूर्खपणा माझाच. तापल्यावर अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. पोस्ट आणखी घट्ट, वर रंग करपला. शेवटी आरीचं पातं आत घालून दोन संध्याकाळी चिरत बसलो. सायकल उलटी केली तर सीटच्या नळीतून चहाच्या रंगाचं पाणी.

तेव्हापासून मृगाच्या आधी आणि दिवाळीत पोस्ट बाहेर, फडक्याने पुसून ग्रीस, सायकल उलटी करून रात्रभर तशीच. पाच मिनिटांचं काम. पण नव्या पोरांना आधी कार्बनचा बाटली-स्टँड हवा असतो.

पेंटचा टवका उडाला? नेलपॉलिश लावा, पण त्याच दिवशी.

मागच्या चिमट्यात, म्हणजे फ्रेममध्ये चाकाचा आस बसतो तिथे, 126 मिमीची जागा असताना 130 मिमी आसाचं चाक हाताने फाकवून कोंबू नका. स्टील वाकतं खरं, पण दोन्ही बाजू सारख्या वाकत नाहीत. मग गिअर सेट करत बसा महिनाभर.