पत्राची पाठ आधी वाचा

माझ्या प्रबंधाचा विषय होता पेशवाईतल्या बातम्यांची ने-आण. मोडी वाचता येत होती, त्यामुळे पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून पहिले चार महिने मी नुसता मजकूर उतरवत राहिले. मार्गदर्शक बाईंनी वही चाळली आणि एकच विचारलं, "हे पत्र पोचलं कधी?" मी गप्प. उत्तर कागदावरच होतं, मी ते उतरवून घेतलं नव्हतं.

जुन्या पत्रांच्या पाठीवर पुष्कळदा वेगळ्या हातानं 'पै॥' लिहून पुढे तारीख टाकलेली असते. पै म्हणजे पैवस्ती, पत्र मिळाल्याची नोंद. लिहिल्याची तारीख आणि पैवस्ती यांतलं अंतर मोजलं की बातमीचा वेग हाती येतो. लढायांचा इतिहास लिहिणारा ही नोंद ओलांडून जातो, बातमीचा माग काढणाऱ्या आपलं मात्र सगळं काम तिथूनच सुरू होतं. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशव्यांना ते कळलं भेलशाच्या (आजच्या विदिशाच्या) मुक्कामी, सुमारे दहा दिवसांनी, तेही सावकारी पत्रातून; मोती गळाले, मोहरा हरवल्या अशा सांकेतिक भाषेत. जासुदांच्या, म्हणजे सरकारी निरोप्यांच्या, जोडीला पेढ्यांची स्वतःची डाक किती पक्की होती, ते इथे दिसतं. आणि मधले दहा दिवस भाऊसाहेब हयात आहेत असं धरूनच पेशवे चालले होते! मला तर ते दहा दिवस लढाईइतकेच महत्त्वाचे वाटतात.

तारखांना घाबरू नका. या कागदांतली वर्षगणना म्हणजे शुहूर सन; तो अरबी शब्दांत, अक्षरी आणि एककापासून लिहितात. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर, हजार: ११७४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मृग या काळासाठी ६०० मिळवायचे. 'छ'च्या पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना येतो, त्यासाठी जंत्री, म्हणजे तारखा जुळवण्याचं कोष्टक, जवळ हवीच.

दुसरी गोष्ट रुमालाची. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. पेशवे दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांत, असे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. ते कोणी, कशासाठी लावले हे आधी समजून घ्या. १८१८ नंतर दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि इनामांच्या चौकशीसाठी त्यांनी ते भरपूर वापरलं. तेव्हा त्याची मांडणी त्यांच्या गरजेनुसारही झाली आहे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी या दप्तरातून १९३० ते १९३४ मध्ये काढलेले ४५ खंड अनमोल आहेत, पण तीही निवडच आहे. छापील पत्र सापडलं तरी मूळ कागद मागवा. पाठ, घड्या, शिक्का, समासातला शेरा छपाईत बहुधा येत नाही.

रुमाल क्रमांक न लिहिता मी साठेक पत्रं उतरवली होती. ती सगळी पुन्हा शोधावी लागली, पावसाळा त्यातच गेला. आता वहीत पानाच्या माथ्यावर आधी रुमाल क्रमांक, त्याखाली पैवस्ती, मग मजकूर.

नोंदी कशा ठेवतात ते कळायला एखादी दुपार काढून डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाच्या चिठ्ठ्या बघून या. दीडेक हजार ग्रंथांतून हातानं काढलेल्या, जवळपास एक कोटी. एक खण ओढून बघायला मिळाला, तर चिठ्ठीवर शब्दाशेजारी आणखी काय काय टिपलंय ते नीट पाहा.